औषधास न जुमानणारे जंतू व नव्या औषधाची पारख

दुभत्या गाईच्या कासेस दाह झाला असतां पूर्वीं ज्या औषधानें चार दिवसांत गुण येई, त्याच औषधानें आतां येत नाहीं, असा अनुभव पुष्कळ शेतकऱ्यांस येतो. औषध दर वेळीं बनावटच असतें असें नव्हे. कित्येकदां जंतूच तें पचवूं लागलेले असतात. अशा वेळीं नवें औषध हवें असें आपण सहज म्हणतों. पण तें पारखून घेणें किती कष्टाचें असतें, तें प्रस्तुत लेखांत एका उदाहरणानें सांगावयाचें आहे.

अशीं बरींच औषधें मातींतील सूक्ष्म जीवांपासूनच मिळालेलीं आहेत. 1943 सालीं स्ट्रेप्टोमायसीन सांपडलें तें अमेरिकेंतील रटगर्स येथील कृषि-संशोधन केंद्रांत. परंतु मातींतील शेंकडा 99 जीव प्रयोगशाळेंत वाढतच नाहींत. यावर बॉस्टन येथील नॉर्थईस्टर्न विद्यापीठांतील शास्त्रज्ञांनीं युक्ति काढली. बारीक छिद्रांच्या पट्टींत एकेका छिद्रांत एकेक जीव ठेवून ती पट्टी पुन्हां मातींतच पुरली. अशा रीतीनें वाढविलेल्या सुमारें 10,000 जीवांच्या अर्कांची परीक्षा घेतली, तेव्हां मेन प्रांतांतील मातींतल्या एका जीवापासून ‘टेक्सोबॅक्टिन’ हें द्रव्य हातीं आलें. तो शोध 2015 सालीं प्रसिद्ध झाला. त्याची पारख पुढीलप्रमाणें झाली.

पहिली पारख मात्रेची. औषध क्रमाक्रमानें निम्में पातळ करीत जावें व किती अल्प मात्रेंत जंतूंची वाढ थांबते तें पाहावें. कासदाहास कारण होणाऱ्या स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जंतूस 1 मिलिलिटर द्रवांत 0.25 मायक्रोग्रॅम इतकें पुरलें. मेथिसिलिनला दाद न देणारा त्याचा प्रकारही तेवढ्यानेंच थांबला.

दुसरी पारख अपायाची. जंतु मरावा, पण प्राण्यांच्या पेशी मरूं नयेत. तशा त्या मेल्या नाहींत.

तिसरी पारख सर्वांत महत्त्वाची. जंतूंस 27 दिवस मारक मात्रेहून कमी औषधांत वाढविलें. तरी ते निगरगट्ट झाले नाहींत. कारण हें द्रव्य जंतूच्या भिंतीचा कच्चा मालच धरून ठेवतें, आणि तो माल बदलणें जंतूस फार अवघड असतें.

चौथी पारख जिवंत प्राण्यावर. रोग जडविलेले उंदीर या औषधानें वांचले.

तरीही उणीव राहिलीच. एश्चेरिकिया कोलायसारख्या जंतूंस बाहेरून आणखी एक आवरण असतें. त्यांवर हें औषध चालत नाहीं. शिवाय शोधास दहा वर्षें लोटलीं, तरी तें बाजारांत आलेलें नाहीं. तात्पर्य, नवें औषध मिळण्यास एक पिढीही लागूं शकते. तें निकामी करण्यास मात्र थोडा निष्काळजीपणा पुरतो. कोलिस्टिन हें माणसाच्या अखेरच्या उपायांपैकीं एक. जनावरांच्या खाद्यांतून त्याचा सर्रास वापर होई. 2015 सालीं चीनमध्यें, त्यास न जुमानण्याचा गुण एका जंतूकडून दुसऱ्याकडे जातो असें आढळलें. आणि जुलै 2019 मध्यें भारत सरकारनें खाद्योपयोगी जनावरें व कोंबड्या यांकरितां त्याची विक्री बंद केली.

हरळी वरवर खुरपली म्हणजे ती मुळ्यांपासून पुन्हां दाटते. अर्धवट औषधानें जंतूंचेंही तसेंच होतें. म्हणून दूध-नमुना तपासून मगच औषध ठरवावें, पशुवैद्यानें सांगितलेली मात्रा पुरी द्यावी, निरोगी जनावरास तें देऊं नये, आणि सांगितलेली मुदत संपेपर्यंत त्या गाईचें दूध विकूं नये. हातीं असलेलें औषध राखणें, हें नवें शोधण्याहून स्वस्त व आपल्या स्वाधीन आहे.