डिरेक्टरीत फायली नसतात

अगं, तू आता सी भाषेत फाइल सिस्टीमच्या कामाला लागली आहेस, तर पहिली गोष्ट मनात पक्की करून टाक: डिरेक्टरीत फायली नसतात. तिथे असतात फक्त नावं, आणि प्रत्येक नावापुढे एक आयनोड क्रमांक. फाईलचा आकार, मालक, परवानग्या, तारखा हे सगळं आयनोडमध्ये, आणि मजकूर डिस्कवर आणखी तिसरीकडेच. सोसायटीच्या जिन्याखाली नावांची पाटी असते ना, तसं समज. नाव आणि खोली क्रमांक पाटीवर मिळतो, माणसाला भेटायला जिना चढावाच लागतो.

हे मला माझ्या पहिल्या नोकरीतल्या साहेबांनी सांगितलं. पुढचंही बरंचसं त्यांच्याकडूनच आलेलं आहे, मी थोडी भर घातली आहे. एवढी एक गोष्ट डोक्यात बसली की कितीतरी कोडी आपोआप सुटतात. फाईलवर लिहायची परवानगी नसतानाही ती काढून कशी टाकता येते? कारण पुसायचं असतं ते नाव, आणि नाव डिरेक्टरीत आहे, म्हणजे परवानगी डिरेक्टरीची लागते. डिरेक्टरीवर नुसती वाचायची परवानगी असेल तर नावं दिसतात, पण एकाही फाईलचा आकार कळत नाही. का, तर नावावरून आयनोडपर्यंत जायला एक्सची परवानगी हवी.

पूर्वी हे काम सोपं होतं. १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत प्रत्येक नोंद बरोबर १६ बाइटांची असे, २ आयनोडला आणि १४ नावाला. साध्या फाईलसारखी डिरेक्टरी उघडायची आणि सोळा-सोळा बाइट वाचत जायचं. आयनोड शून्य दिसला की नोंद पुसलेली, पुढे चला. १९८३ च्या ४.२ बीएसडीने २५५ बाइटांपर्यंतची नावं आणली, नोंदी कमीजास्त लांबीच्या झाल्या, आणि ओपनडिर, रीडडिर, क्लोजडिर ही फंक्शनं तिथून रुळली. सोळा बाइटांचा तो जुना कोड अजूनही कुठे कुठे सापडतो. आज लिनक्सवर डिरेक्टरी उघडून तिच्यावर रीड चालवलंस तर हाती फक्त ईआयएसडिर येईल. कर्नलला विचारायचा खरा रस्ता म्हणजे गेटडेंट्स६४ हा सिस्टीम कॉल. रीडडिरसुद्धा आतून त्यालाच हाक मारतं.

आता एक प्रयोग स्वतःच्या हाताने करून बघ. रिकामी डिरेक्टरी घे, तिच्यात ‘पुणे’ आणि ‘सातारा’ अशा दोन रिकाम्या फायली बनव आणि एस्ट्रेसखाली एलएस चालव. गेटडेंट्स६४ च्या ओळीत चार नोंदी दिसतील आणि शेवटी उत्तर १२०. हे १२० कुठून आले ते कागदावर मांड. प्रत्येक नोंदीच्या सुरुवातीला आयनोडचे ८ बाइट, डी_ऑफचे ८, डी_रेकलेनचे २ आणि डी_टाइपचा १, म्हणजे १९ बाइट झाले. मग नाव, आणि नावानंतर एक शून्य बाइट. ही बेरीज वर ढकलून आठच्या पटीत नेतात. ‘पुणे’ म्हणजे युनिकोडची चार चिन्हं, यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकी तीन बाइट, एकूण १२. त्यात १९ आणि १ मिळवले की नेमके ३२. ‘सातारा’चे १८, म्हणून ३८, ते होतात ४०. उरलेल्या दोन नोंदी एका टिंबाची आणि दोन टिंबांची, प्रत्येकी २४. झाले १२०.

नवी मुलं अडकतात ती नेमकी इथेच. एका नोंदीवरून पुढच्या नोंदीवर जाताना स्ट्रक्टचा साइझऑफ मिळवायचा नाही, त्या नोंदीतला डी_रेकलेन मिळवायचा. चुकीचा कोड चाचणीत पास होतो, म्हणून हे जास्त घातक. ६४ बिटी मशीनवर त्या स्ट्रक्टचा साइझऑफ भरतो २४, आणि चार बाइटांपर्यंतच्या कुठल्याही नावाची नोंदही २४ चीच असते. ए, बी, सी अशा एकाक्षरी नावांच्या फायली करून चाचणी घेतलीस तर सगळं सुरळीत चालेल. पाच बाइटांचं पहिलं नाव आलं की पॉइंटर नोंदीच्या मधोमध जाऊन पडतो आणि आयनोड म्हणून भलतेच बाइट वाचायला लागतो. म्हणून चाचणीची नावं मुद्दाम वेडीवाकडी ठेव: एका अक्षराचं, २५५ बाइटांचं, मराठी, मधे स्पेस असलेलं, आणि हो, मधे नवी ओळ असलेलंसुद्धा. लिनक्सवर नावात चालत नाहीत ते दोनच बाइट, तिरकी रेघ आणि शून्य. बाकी सगळं चालतं. त्यामुळे नावं ओळीओळीने छापून पुन्हा ओळीओळीने वाचणारा कोड आज ना उद्या तोंडघशी पडतोच.

मराठी नावांचं थोडं विस्ताराने सांगते, कारण इंग्रजी पुस्तकांत हे तुला मिळायचं नाही. २५५ ही मर्यादा बाइटांची आहे, अक्षरांची नाही. आपली काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हं, प्रत्येकी तीन बाइटांची, म्हणजे उणीपुरी ८५ चिन्हं बसतात. सरकारी परिपत्रकांची लांबलचक नावं एवढ्यात सहज अडतात. त्याहून नाजूक भानगड ‘दऱ्या’सारख्या शब्दांची. त्यातला ऱ एकाच चिन्हाचा असू शकतो, साध्या र ला नुक्ता जोडूनही होतो, आणि काही कीबोर्ड र, हलन्त आणि मधे एक अदृश्य जोडचिन्ह घालून तोच आकार उठवतात. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. एक्स्ट४ मात्र नेहमीच्या मांडणीत नावं बाइटाला बाइट लावून ताडून बघतं, त्यामुळे एकाच डिरेक्टरीत एकसारख्या दिसणाऱ्या तीन फायली सुखाने नांदतात. ‘फाईल दिसतेय पण उघडत नाही’ अशी तक्रार आली की आधी नाव हेक्समध्ये छापून बघ. आणि नाव स्वतःहून ‘दुरुस्त’ करू नकोस. कर्नलने जसे बाइट दिले तसेच त्याला परत दे.

रीडडिर वापरणार असशील तर दोनतीन गोष्टी. नोंदी संपल्या तरी तो नल देतो आणि चूक झाली तरी नलच देतो. म्हणून प्रत्येक हाकेआधी एर्नो शून्य कर आणि नल आल्यावर तपास. हे केलं नाही तर डिस्क बिघडलेली असताना तुझा प्रोग्राम ‘सगळ्या फायली झाल्या’ असं बिनधास्त सांगेल, आणि बॅकअपच्या कामात यासारखं वाईट काही नाही. मिळालेल्या नोंदीचा पॉइंटर पुढच्या हाकेला पुसला जाऊ शकतो, नाव हवं असेल तर प्रत काढून ठेव. क्रमावर तर कधीच विसंबू नकोस. एलएस वर्णक्रमाने दाखवतं ते स्वतः लावून. एक्स्ट४ नोंदी देतं त्या साधारणपणे हॅशच्या क्रमाने. डी_ऑफ हे नाव ऑफसेटसारखं दिसतं म्हणून त्याच्यात बेरीज-वजाबाकी करायला जाऊ नकोस. ती फाइल सिस्टीमची खासगी खूण आहे.

डी_टाइप फार सोयीचा आहे. फाईल की डिरेक्टरी हे आयनोडपर्यंत न जाता कळतं आणि लाखभर नोंदींच्या डिरेक्टरीत तेवढ्या लाख फेऱ्या वाचतात. पण सगळ्या फाइल सिस्टीम तो भरतातच असं नाही. डीटी_अननोन आला तर एफस्टॅटअॅट करून विचारायचं. हा फाटा कोडमध्ये नसेल तर तो कोड तुझ्या लॅपटॉपवर चालेल आणि ग्राहकाच्या सर्व्हरवर अख्खी झाडंच्या झाडं गाळेल, तीही मुकाट्याने.

आता डिरेक्टरीतून खोल उतरण्याबद्दल. आमचे साहेब यावर सगळ्यात कडक होते आणि मीही तशीच आहे. नावाला नाव जोडून लांब पाथ बनवायचा आणि तो दरवेळी मुळापासून उघडायचा, ही सवय लावून घेऊ नकोस. तू तपासलंस तेव्हा ती डिरेक्टरी होती, पण उघडेपर्यंतच्या क्षणात दुसऱ्या कुणी तिच्या जागी सिमलिंक ठेवली असेल तर? तुझा प्रोग्राम रूट म्हणून टेम्पमधला कचरा झाडत असेल, तर त्या एका सिमलिंकच्या मागोमाग तो ईटीसीत शिरेल. म्हणून ज्या डिरेक्टरीत आहेस तिचा डिस्क्रिप्टर हातात धर आणि पुढचं नाव ओपनअॅटने त्याच्या आधाराने उघड. ओ_डिरेक्टरी आणि ओ_नोफॉलो हे दोन्ही फ्लॅग लाव. मधे सिमलिंक घुसली तर उघडणंच फसेल, आणि तेच आपल्याला हवं आहे. पुसतानाही अनलिंकअॅट, तोच डिस्क्रिप्टर आणि नुसतं नाव. पाथ ४०९६ बाइटांत बसतो की नाही ही चिंताही त्याबरोबर जाते. चडिरने आत-बाहेर करू नकोस, कारण चालू डिरेक्टरी अख्ख्या प्रोसेसची एकच असते आणि शेजारच्या थ्रेडच्या पायाखालची जमीन सरकते.

एक टिंब आणि दोन टिंबं या नोंदी वगळल्याशिवाय आत उतरू नकोस, नाहीतर जागच्या जागी गोल फिरशील. फक्त पूर्ण नाव ताडून वगळ. पहिलं अक्षर टिंब आहे म्हणून वगळलंस तर लपवलेल्या सगळ्या फायली सुटतील. सिमलिंकच्या मागे जायची खरोखरच गरज असेल तर आधी भेट दिलेल्या प्रत्येक डिरेक्टरीचा डिव्हाइस क्रमांक आणि आयनोड अशी जोडी टिपून ठेव. नुसता आयनोड पुरत नाही. प्रत्येक एक्स्ट४ विभाजनाच्या मुळाचा आयनोड २ च असतो, त्यामुळे दुसरी डिस्क माउंट झालेली असली की तुझा हिशेब चुकेल.

वाचता वाचता त्याच डिरेक्टरीतल्या फायली काढायच्या असतील तर हेही ध्यानात ठेव, की उघडल्यानंतर ज्या नोंदी वाढल्या किंवा गेल्या त्या दिसतील की नाही याची हमी पॉझिक्स देत नाही. म्हणून मी आधी नावांची यादी पूर्ण करून घेते आणि मग पुसायला लागते. पुसताना ईनोएंट आला तर थांबायचं कारण नाही, ती फाईल दुसऱ्या कुणी आधीच काढली एवढाच त्याचा अर्थ. शेवटी डिस्क्रिप्टरचं: एफडीओपनडिरला दिलेला डिस्क्रिप्टर त्याच्याच मालकीचा होतो, क्लोजडिर तो बंद करतं. तू पुन्हा क्लोज केलंस तर मधल्या वेळात दुसऱ्या थ्रेडने त्याच क्रमांकावर उघडलेली भलतीच फाईल बंद होईल. आणि झाड खोल असेल तर प्रत्येक पातळीवर एक डिस्क्रिप्टर अडकतो, मर्यादा बऱ्याच ठिकाणी १०२४ ची असते. नावांची यादी करून क्लोजडिर करायची सवय तिथेही कामी येते, पण त्याआधी डुपने डिस्क्रिप्टरची प्रत काढून ठेवली असेल तर ती प्रतही वेळच्या वेळी बंद कर.