अवर्षणी भागात घराभोवती लावावयाची फुलझाडे

सह्याद्रीच्या पूर्वेस माण, खटाव, आटपाडी, जत यांसारख्या तालुक्यांत पाऊस थोडा व अनिश्चित पडतो. उन्हाळ्यात पिण्याचे पाणी दुरून आणावे लागत असता ते फुलझाडांना घालणे कोणत्याही गृहिणीस परवडणारे नाही. त्यामुळे पुष्कळ घरांची अंगणे उजाड राहतात. परंतु झाडांची निवड विचारपूर्वक केल्यास केवळ सांडपाण्यावर दहा फुलझाडे जगविता येतात.

निवड : मोगरा, गुलाब व जास्वंद यांस उन्हाळ्यात वरचेवर पाणी लागते. हौस म्हणून यांपैकी एखादेच झाड मोरीजवळ लावावे. उरलेली जागा पाण्याचा ताण सोसणाऱ्या झाडांस द्यावी. पांढरा चाफा मांसल फांद्यांत पाणी साठवितो व कोरड्या दिवसांत पाने गाळून त्याची बचत करतो. कोरफड पानांवरील सूक्ष्म छिद्रे दिवसा मिटून घेते व रात्री उघडते. गुलबक्षी वरून वाळली तरी जमिनीतील जाड मुळावर तग धरते व पावसाबरोबर पुन्हा फुटते. बोगनवेलीस जास्त पाणी दिल्यास नुसता पाला माजतो; रुजलेल्या वेलीस थोडा ताण पडला म्हणजे ती अधिक बहरते. कुंपणालगत काटेरी कोरांटी व शंकासूर आणि वाटेच्या कडेने सदाफुली लावावी.

लागवड : उन्हाळ्यात ४५ सेंटिमीटर लांब, रुंद व खोल खड्डे खणून तापू द्यावेत. पुढे माती व चांगले कुजलेले शेणखत यांच्या मिश्रणाने ते भरून पहिला चांगला पाऊस होताच लागवड करावी. चाफ्याच्या फांदीचा चीक सुकेपर्यंत ती सुमारे आठवडाभर सावलीत ठेवावी. ओली फांदी लावल्यास ती कुजते.

पाण्याचा हिशेब : ताण सोसणारे झाडही मुळे खोल जाईपर्यंत पाणी मागते. पहिल्या उन्हाळ्यात १५ लिटरांची एक बादली रोज तीन झाडांस वाटून द्यावी. अशा पाळीने दहा झाडांपैकी प्रत्येकास तीन-चार दिवसांनी ५ लिटर पाणी मिळते. पाणी सायंकाळी द्यावे व आळ्यात वाळलेल्या पाल्याचा ५ ते ८ सेंटिमीटर जाड थर पसरावा. भाजी व भांडी विसळलेले पाणी चालते. सोडा व साबण अधिक असलेले पाणी नेहमी घातल्यास जमीन चोपण होण्याचा संभव असतो.

सावधगिरी : कण्हेर व पिवळी कण्हेर (बिट्टी) अत्यंत काटक आहेत, परंतु त्यांचे सर्व भाग विषारी असतात. गोठा, गव्हाण अथवा मुलांच्या खेळण्याची जागा जवळ असल्यास ती लावू नयेत. छाटलेल्या फांद्या वैरणीत मिसळल्यास जनावर दगावू शकते. म्हणून त्या पुरून टाकाव्यात. घाणेरी तर मुळीच लावू नये. ती जनावरांस बाधते, शिवाय माळरानात पसरून चाऱ्याचे गवत मारते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पावसाळ्याच्या आरंभी शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या आवारात चाफा व बोगनवेल यांची लागवड करून दाखवावी. ही झाडे वाढल्यावर त्यांच्याच फांद्या घरोघर देता येतील व रोपांवर खर्च करावा लागणार नाही.