किल्ली सगळ्यात शेवटी

पोरी, मोटारसायकल घेतलीस, सांगली-मिरज रोजचं येणंजाणं आता तिच्यावर होणार, याचा मामाला आनंदच आहे. गाडी तू चांगली चालवतेस. पण चांगली चालवणं आपल्या हातात असतं, पडणं नसतं. कुत्रं आडवं येतं, वळणावर खडी सांडलेली असते, उभ्या मोटारीचं दार अचानक उघडतं. म्हणून पडायची तयारी गाडीवर बसायच्या आधी करायची. माझा मुख्य मंत्र एवढाच; बाकीचे त्याच्या पोटातले.

हातात सफाई आहे म्हणून निर्धास्त राहू नकोस. अरबस्तानातल्या लढाईमुळे नाव झालेला कर्नल लॉरेन्स पट्टीचा मोटारसायकलस्वार होता. १९३५ च्या मे महिन्यात, इंग्लंडमधल्या आडरस्त्यावर, सायकलवरच्या दोन मुलांना चुकवताना तो पडला. डोक्यावर हेल्मेट नव्हतं; सहा दिवसांनी गेला. त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे सर्जन होते. पुढे त्यांनी लष्करातल्या मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या जखमा अभ्यासल्या आणि १९४१ साली हेल्मेटनं जीव वाचतात हे दाखवून दिलं. त्याच वर्षी ब्रिटिश सैन्यात स्वारांना हेल्मेट सक्तीचं झालं.

'कोपऱ्यावर तर जायचंय' हे वाक्य तोंडात येऊ देऊ नकोस. दीड मीटर उंचीवरून डोकं नुसतं खाली आलं, तरी रस्त्याला टेकताना त्याचा वेग ताशी २० किलोमीटरच्या आसपास असतो. म्हणजे गाडी उभी असताना तोल गेला तरी तेवढा मार बसतो. मी वायरमन म्हणून पोलवर चढलो ते काम दोन मिनिटांचं असो की दोन तासांचं, कमरेला बेल्ट आणि हातात मोजे असायचेच. काम छोटं होतं, पोल तेवढाच उंच होता. गाडीचंही तसंच.

हेल्मेट घेताना रंग शेवटी बघ. आधी आयएसआयची खूण, तिच्यावर आयएस ४१५१ आणि खाली लायसन्स नंबर आहे का ते पाहा. तो नंबर बीआयएसच्या मोबाईल अ‍ॅपवर टाकला की खरा-खोटा कळतो. जून २०२१ पासून या खुणेशिवाय दुचाकीचं हेल्मेट विकायला कायद्यानं बंदी आहे, तरी रस्त्याकडेला टोप्या मिळतातच. त्या पोलिसाला दाखवायच्या कामाच्या, डोक्याच्या नाहीत. हनुवटी झाकणारं, पूर्ण तोंडाचंच घे. माणूस तोंडावरही पडतो.

माप अंदाजानं घेऊ नकोस. भुवयांच्या थोडं वरून डोक्याभोवती टेप फिरव. नवं हेल्मेट गालांना दाबलं पाहिजे, पण कपाळावर एका जागी दुखता कामा नये. पट्टा लावून मान जोरात हलव; हेल्मेट डोक्याबरोबर फिरायला हवं. मग मागून धरून पुढे ओढ. निघून हातात आलं तर ते दुकानातच ठेव. पट्टा आणि हनुवटी यांत दोन बोटं जातील एवढीच जागा हवी. पट्टा न लावलेलं हेल्मेट पहिल्या आपटीत उडून जातं. कायदाही नुसतं डोक्यावर ठेवलेल्या हेल्मेटला हेल्मेट मानत नाही, पट्ट्यानं घट्ट बांधलेलंच मानतो.

तुम्हा मुलींसाठी मुद्दाम सांगतो. आत अंबाडा नको, क्लचर तर नकोच. आपटलं की ते कडक प्लॅस्टिक कवटीतच रुतायचं. वेणी मानेशी सैल घाल. तोंडाला ओढणीचे चार वेढे देऊन वर हेल्मेट चढवलं की माप बिघडतं. त्यापेक्षा पातळ कापडी मास्क वापर. ओढणीची टोकं जाकिटाच्या आत खोच, चाकात जाता कामा नयेत. आणि फोन हेल्मेटमध्ये खुपसून बोलायचं नाही.

हेल्मेटच्या आत थर्माकोलसारखा एक थर असतो. आपटल्यावर तो स्वतः चेपतो आणि मार स्वतःत घेतो. एकदा चेपला की तो पुन्हा फुगत नाही. म्हणून अपघात झालेलं हेल्मेट बाहेरून चकचकीत दिसलं तरी पुन्हा घालायचं नाही, कुणाला द्यायचंही नाही. आरशावर अडकवून ठेवू नकोस, आतला थर तिथं दबतो. पेट्रोल किंवा थिनरनं पुसू नकोस. ओलं फडकं, साधा साबण पुरे. काचेवर ओरखडे आले की रात्री समोरचा दिवा फुटल्यासारखा पसरतो. तेव्हा काच बदल. काळी काच सूर्य मावळला की बंद.

पडताना हात आपोआप पुढे जातात, म्हणून तळव्याला जाड कातडं असलेले हातमोजे उन्हाळ्यातही हवेत. रस्त्यावर घसरताना साधी जीन्स क्षणात फाटते. जाकीट घेशील तर खांदा, कोपर, पाठ इथं पॅड असलेलं, उन्हासाठी जाळीचं घे. पायात चप्पल नको. घोटा झाकणारा बूट हवा, त्याच्या नाड्या आत खोचलेल्या हव्यात.

आपल्या भागात ऊसतोड लागली की रात्री ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या मागच्या दिव्याविना उभ्या असतात. तुला त्या दिसणं अवघड, म्हणून वेग कमी ठेव. तू इतरांना दिसावीस म्हणून जाकिटावर आणि हेल्मेटच्या मागे चमकपट्टी लाव. संक्रांतीच्या दिवसांत जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढ आणि आत जाड मफलर घाल. नायलॉन मांजावर २०१७ पासून देशभर बंदी आहे, तरी तो दरवर्षी गळे कापतो.

सगळं एकदम घेता येणार नाही, हे मला कळतं. पहिल्या पगारातून हेल्मेट, मग बूट आणि मोजे, मग जाकीट. घालायचा क्रमही ठरवून टाक: बूट, जाकीट, हेल्मेट, पट्टा, मोजे. किल्ली सगळ्यात शेवटी फिरवायची. क्रम अंगवळणी पडला की घाईतही चुकत नाही.

आता तुझ्या मागे बसणाऱ्याविषयी. २०२२ मध्ये आपल्या देशात हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण दुचाकी अपघातांत गेले. त्यांतले १४,३३७ मागे बसलेले होते. चालवणाऱ्याच्या हातात हँडल तरी असतं, मागच्याला पडेपर्यंत काही कळत नाही. म्हणून दुसरं हेल्मेट घरात असू दे. आई साडीत बसेल तेव्हा तिचा पदर नीट खोचलाय का, चाकाला साडीगार्ड आहे का, ते बघ. 'देवळापर्यंतच तर' म्हणाली तरी पट्टा तूच लाव. चार वर्षांवरच्या मुलांनाही कायद्यानं हेल्मेट लागतं, त्यांच्या मापाची मिळतात. दुसरं हेल्मेट नसेल तर कुणालाही मागे घेऊ नकोस. राग आला तर येऊ दे. रिक्षानं येतील, पण येतील.