पोंवळ्याचें दुखणें

पोंवळें म्हटलें कीं अंगठींतील तांबडा खडा आठवतो. वस्तुतः तो एका समुद्रजीवाचा सांगाडा होय. मालवणच्या समुद्रांत, जेथें १९८७ सालीं सागरी अभयारण्य झालें, या जीवाचे आप्त आजही खडकांवर वस्ती करून आहेत. कित्येकांच्या देहांत सूक्ष्म शैवाल राहतें. तें सूर्यप्रकाशांत अन्न तयार करून यजमानास देतें. पाणी फार तापलें म्हणजे हा भाडेकरू बाहेर घालविला जातो व पोंवळें पांढरें पडतें. मात्र तें मेलेलें नसतें. पाणी लवकर निवाल्यास सावरतें.

परंतु मांस सालीप्रमाणें गळून सांगाडा उघडा पडूं लागला, तर दुखणें निराळें. घरच्या कांचेच्या टाकींत तें कधीं कधीं एका रात्रींत अख्खी फांदी खातें. रोगी तुकडा तत्काळ वेगळा करावा, आणि निरोगी भाग रोगाच्या रेषेपासून दूर कापून वांचवावा. औषधाआधीं पाणी तपासावें: उष्णता २५-२६ अंश, क्षार दर हजार भागांस सुमारें ३५. बहुधा दोष पाण्याच्या चढउतारांतच सांपडतो.

पालकांनीं ध्यानांत घ्यावें कीं, १९७२ च्या वन्यजीव कायद्यान्वयें आपल्या समुद्रांतील दगडी पोंवळीं काढणें वा विकणें गुन्हा आहे; दुकानदारास मालाचें मूळ अवश्य विचारावें.

आपल्या छत्रपती संभाजीनगरांत मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हां टाकींत बर्फ टाकूं नये. पाण्याच्या पृष्ठावर पंख्याचा वारा घालावा. बाष्पीभवनानें पाणी निवतें. उडालेल्या पाण्याची भर शुद्ध गोड्या पाण्यानेंच करावी, कारण मीठ उडून जात नाहीं.