नऊ निवडणुका, एक आमदार : निकाल कसा वाचावा



ताळेबंदात नफा दिसला की शहाणा सभासद तेवढ्यावर समाधान मानत नाही. नफा आला कोठून, देणी किती राहिली, गोदामातली साखर कोणत्या दराने धरली, हे तो विचारतो. निवडणुकीच्या निकालाचेही तसेच आहे. ‘अमुक साहेब पुन्हा निवडून आले’ एवढे ऐकून भागत नाही. किती मतांनी आले? समोर कोण कोण होते? मतदारसंघ तोच होता का? पक्ष तोच होता का? हे चार प्रश्न विचारल्याशिवाय निकाल कळला असे म्हणता येत नाही.

या पाठात हे चार प्रश्न आपण एका आमदारांच्या कारकिर्दीला लावून पाहू. त्यासाठी मुंबईचे श्री. कालिदास कोळंबकर यांचे उदाहरण घेतले आहे. १९९० ते २०२४ या काळात ते नऊ वेळा विधानसभेवर निवडून आले. त्यांची तरफदारी करावी किंवा त्यांच्यावर टीका करावी, असा येथे हेतू नाही. एवढी लांब कारकीर्द असली की निवडणुकीचे सगळे कायदेकानू तिच्यात एका जागी पाहायला मिळतात, म्हणून हे उदाहरण.

गिरणगाव आणि आपण

मुंबईचा हा भाग आपल्याला परका नाही. लालबाग, परळ, नायगाव, भोईवाडा, शिवडी या गिरणगावात सातारा, सांगली, कोल्हापूर आणि कोकणातली माणसे पिढ्यान् पिढ्या राहिली. एका खोलीत आठ-दहा गाववाले, खानावळीत जेवण आणि महिन्याची मनीऑर्डर गावाला. कित्येक घरांतली पहिली विहीर नाहीतर पहिली बैलजोडी याच पैशातून झाली. एकट्या नायगावात बीडीडी चाळींच्या ४२ इमारती होत्या आणि एकेक खोली १६० चौरस फुटांची. अशा वस्तीत हजारो मतदार हाकेच्या अंतरावर असतात. त्यामुळे कोण कामाला येतो आणि कोण नुसता हात जोडून जातो, हे चाळीत लगेच कळते.

राजकारणातही हा भाग कायम तापलेला राहिला. परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांची ५ जून १९७० रोजी हत्या झाली. त्या जागेच्या पोटनिवडणुकीत वामनराव महाडिक यांनी श्रीमती सरोजिनी देसाई यांचा १,६७९ मतांनी पराभव केला आणि ते शिवसेनेचे पहिले आमदार झाले. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि त्यातले पुष्कळ जण पुन्हा गिरणीत गेलेच नाहीत. या पडझडीनंतर आठ वर्षांनी, १९९० साली, श्री. कोळंबकर नायगाव मतदारसंघातून शिवसेनेचे आमदार झाले.

नऊ निवडणुकांची यादी

आधी यादी नीट पाहून घ्या. १९९०, १९९५, १९९९ आणि २००४ या चार निवडणुका नायगावातून, शिवसेनेतर्फे. त्यानंतर नायगावचीच पोटनिवडणूक, काँग्रेसतर्फे. मग २००९ आणि २०१४, वडाळा मतदारसंघातून काँग्रेसतर्फे. शेवटी २०१९ आणि २०२४, वडाळ्यातूनच पण भारतीय जनता पक्षातर्फे. म्हणजे मतदारसंघ दोन, पक्ष तीन आणि विजय नऊ.

आता कोणी म्हणेल, ‘पक्ष बदलला तरी माणूस निवडून येतो, मग पक्षाला अर्थ काय?’ दुसरा म्हणेल, ‘पक्षाच्या चिन्हावर निवडून यायचे आणि मग दुसरीकडे जायचे, हा मतदारांचा विश्वासघात नव्हे काय?’ दोन्ही प्रश्न रास्त आहेत. उत्तरासाठी कायद्याकडे वळावे लागेल.

मत कोणाचे, पक्षाचे की माणसाचे?

१९८५ साली ५२ वी घटनादुरुस्ती होऊन घटनेला दहावे परिशिष्ट जोडले गेले. त्यालाच आपण पक्षांतरबंदी कायदा म्हणतो. निवडून आलेल्या सदस्याने आपला पक्ष सोडला तर त्याचे सदस्यत्व जाते, हा त्याचा गाभा. पण त्यात एक पळवाट ठेवली होती. पक्षाचे एकतृतीयांश आमदार एकत्र बाहेर पडले तर ती ‘फूट’ धरली जाई आणि कोणाचेही सदस्यत्व जात नसे.

या वाटेचे उदाहरण नायगावच्या जवळच, माझगावात घडले. १९९० साली शिवसेनेचे ५२ आमदार निवडून आले होते. त्यांचा एकतृतीयांश म्हणजे १८. डिसेंबर १९९१ मध्ये माझगावचे आमदार श्री. छगन भुजबळ गटासह पक्षातून बाहेर पडले. अध्यक्षांनी ही फूट मानली. त्यामुळे मतदारांकडे लगेच जाण्याची गरज पडली नाही. मतदारांनी उत्तर दिले ते १९९५ च्या निवडणुकीत. माझगावात शिवसेनेचे श्री. बाळा नांदगावकर यांनी श्री. भुजबळ यांचा पराभव केला.

आता २००५ पाहा. श्री. नारायण राणे शिवसेनेतून बाहेर पडले आणि काँग्रेसमध्ये गेले. त्यांच्यासोबत गेलेल्या आमदारांत श्री. कोळंबकर होते. मधल्या काळात एक महत्त्वाची गोष्ट घडली होती. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने एकतृतीयांश फुटीची वाट बंद केली. विधिमंडळ पक्षाचे दोनतृतीयांश सदस्य तयार असतील तरच दुसऱ्या पक्षातील विलीनीकरणाला संरक्षण उरले. शिवसेनेचे तेव्हा ६२ आमदार निवडून आलेले होते. जुन्या कायद्याने २१ जण पुरले असते. नव्या कायद्याने किमान ४२ हवेत. एवढे आणायचे कोठून? म्हणून राजीनामा देऊन पुन्हा मतदारांसमोर उभे राहणे भाग पडले. नायगावात पोटनिवडणूक झाली आणि तेच लोक, तोच उमेदवार, पण चिन्ह वेगळे, अशा लढतीत श्री. कोळंबकर निवडून आले.

माझगाव आणि नायगाव यांतला फरक येथेच आहे. नायगावच्या मतदाराला ‘तुमचा माणूस पक्ष सोडतो आहे, तुम्हाला पटते का?’ हे ताबडतोब विचारले गेले. माझगावच्या मतदाराला तीन वर्षांहून अधिक काळ थांबावे लागले. पुढे जुलै २०१९ मध्ये श्री. कोळंबकर यांनी काँग्रेसच्या आमदारकीचा राजीनामा देऊन भारतीय जनता पक्षात प्रवेश केला, तेव्हा सार्वत्रिक निवडणूक तोंडावरच होती. ती ऑक्टोबरात झाली आणि मतदारांनी पुन्हा कौल दिला.

मात्र कायद्याने सगळे दरवाजे बंद केले, असा समज करून घेऊ नये. जून २०२२ मध्ये शिवसेनेत मोठी फूट पडली. बाहेर पडलेल्या आमदारांनी राजीनामे दिले नाहीत. आपणच मूळ पक्ष आहोत, अशी त्यांची भूमिका होती. विधानसभा अध्यक्षांनी १० जानेवारी २०२४ रोजी निर्णय दिला, त्यात दोन्ही गटांतील कोणाही आमदाराला अपात्र ठरवले नाही. ‘मत कोणाचे?’ हा प्रश्न असा अजून पुरता सुटलेला नाही.

बांध हलला की पीक बदलते

आता मतदारसंघाचा प्रश्न. श्री. कोळंबकर नायगावहून वडाळ्याला गेले ते हौसेने नव्हे. नायगाव मतदारसंघच राहिला नाही. २००१ च्या जनगणनेवर आधारलेली मतदारसंघांची पुनर्रचना २००८ साली लागू झाली. मुंबई शहरातल्या १७ जागांच्या १० झाल्या आणि उपनगरातल्या १७ च्या २६. गिरण्या बंद पडल्या, खोल्या विकून माणसे विरार-बदलापूरकडे गेली, त्याचा हा हिशेब. दादर, परळ, नायगाव, माझगाव, चिंचपोकळी, खेतवाडी, ऑपेरा हाउस ही नावे विधानसभेच्या यादीतून गेली. आज गिरगावचा रहिवासी ‘गिरगावचा आमदार’ असे म्हणू शकत नाही, कारण त्या नावाची जागा नाही.

बांध हलला की शेताचे क्षेत्र बदलते आणि उताराही बदलतो, हे शेतकऱ्याला सांगायला नको. नव्या मतदारसंघात जुने काही मतदार जातात, नवे येतात. म्हणून पुनर्रचनेनंतरची पहिली निवडणूक जुन्या आमदारालाही जवळजवळ नव्या उमेदवारासारखी लढवावी लागते.

८०० मतांचा धडा

आता मताधिक्य पाहू. २०१९ साली श्री. कोळंबकर सुमारे ३० हजार मतांनी जिंकले आणि २०२४ साली माजी महापौर श्रीमती श्रद्धा जाधव यांच्याविरुद्ध सुमारे २५ हजारांनी. हे आकडे पाहिले की वाटते, ही तर घरचीच जागा! पण २०१४ चा आकडा पाहा. त्या वर्षी ते भारतीय जनता पक्षाचे श्री. मिहिर कोटेचा यांच्यापुढे फक्त ८०० मतांनी होते. मतदारसंघ सुमारे दोन लाख मतदारांचा. चाळीच्या पाच-सहा इमारतींनी वेगळा विचार केला असता तर कारकीर्द तेथेच थांबली असती.

असे का झाले? त्या वर्षी सप्टेंबरात युती तुटली आणि आघाडीही तुटली. चारही मोठे पक्ष वेगवेगळे लढले. मते विभागली गेली की थोड्या मतांतही जागा येते आणि थोड्या मतांनीच जाते. काँग्रेसला राज्यात त्या वेळी ४२ च जागा मिळाल्या, त्यातली एक वडाळ्याची होती.

सांगोल्याचे गणपतराव

मुंबईचे झाले, आता आपल्या ग्रामीण भागातले उदाहरण घेऊ. सांगोल्याचे कै. गणपतराव देशमुख ११ वेळा आमदार झाले, तेही एकाच मतदारसंघातून आणि शेतकरी कामगार पक्ष या एकाच पक्षातून. सांगोल्याची सहकारी सूतगिरणी त्यांनी उभी केली. १९६२ साली ते पहिल्यांदा निवडून आले, अकराव्यांदा २०१४ साली. पण या ११ विजयांच्या मधे दोन पराभव आहेत, हे बरेच जण विसरतात. १९७२ ला ते हरले आणि १९९५ ला पुन्हा हरले, फक्त १९२ मतांनी. २०१९ साली त्यांनी निवडणूक लढवली नाही. नातू उभे राहिले आणि ७६८ मतांनी पडले. म्हणजे एवढे नाव असलेल्या घरालाही जागा वतन म्हणून मिळाली नाही.

एक पक्ष न सोडता ११ वेळा, दुसरे तीन पक्षांतून नऊ वेळा. दोन्ही वाटा अगदी वेगळ्या. पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे. प्रत्येक वेळी खाते शून्यापासून उघडावे लागले. मागचे मताधिक्य पुढच्या निवडणुकीत जमा धरत नाहीत.

ज्येष्ठतेला मान मात्र आहे. नवी विधानसभा आली की अध्यक्षांची निवड होईपर्यंत राज्यपाल एका सदस्याला हंगामी अध्यक्ष नेमतात आणि ते नव्या सदस्यांना शपथ देतात. साधारणपणे ज्येष्ठ सदस्याला हा मान देण्याचा प्रघात आहे. श्री. कोळंबकर यांना तो नोव्हेंबर २०१९ आणि डिसेंबर २०२४, असा दोनदा मिळाला. पण हा मान काही दिवसांचाच. अध्यक्ष निवडले गेले की हंगामी अध्यक्ष पुन्हा आपल्या बाकावर येऊन बसतात.

आपल्यासाठी बोध

आपला कारखानाही निवडणुकीवरच चालतो. सहकारी संस्था कायद्याच्या कलम २७ प्रमाणे एक सभासद, एक मत. शेअर्स जास्त म्हणून मते जास्त, असे नाही. आपल्याकडेही गट असतात, पॅनेल असतात, इकडचे तिकडे जाणारे असतात. मग वर्षानुवर्षे निवडून येणाऱ्या संचालकाला नुसते ‘ज्येष्ठ’ म्हणून मत देऊ नका आणि नुसते ‘जुने झाले’ म्हणून नाकारूही नका. काम विचारा. गट बदलला असेल तर का बदलला, हे विचारा. त्यांनी ते सभेत उभे राहून सांगावे.

आणखी एक. प्रारूप मतदार यादी लागली की आपले नाव आहे का, हे स्वतः जाऊन पाहा. मयत वारसाची नोंद राहिली असेल, नाव चुकले असेल, तर मुदतीत हरकत द्या. मतदानाच्या दिवशी केंद्रावर जाऊन भांडण्यात अर्थ नसतो. ‘माझ्या एका मताने काय होते?’ असे कोणी म्हटले तर त्याला दोनच आकडे सांगा : सांगोला १९२, वडाळा ८००.

चर्चेसाठी प्रश्न

१. आमदाराने पक्ष सोडला तर त्याने राजीनामा देऊन पुन्हा निवडणूक लढवावी, हे आपल्याला योग्य वाटते का? कारणे द्या.

२. एखाद्या विधिमंडळ पक्षाचे ६२ सदस्य असल्यास १९८५ आणि २००३ च्या तरतुदींप्रमाणे किती सदस्य एकत्र येणे आवश्यक ठरते, ते मांडून दाखवा.

३. मतदारसंघाच्या सीमा बदलल्याने निकालावर काय परिणाम होतो? आपल्या गटाचे उदाहरण घ्या.

४. मागील संचालक मंडळाच्या निवडणुकीत आपल्या गटात सर्वांत कमी फरक किती मतांचा होता? माहिती काढून गाव-बैठकीत सांगा.