दुसऱ्या बाळाची चाहूल आणि घराची तयारी



पहिल्या बाळाची चाहूल लागली की सारे घर हलते. माहेर-सासरचे फोन सुरू होतात, डोहाळजेवण ठरते, बाळंतविडा शिवायला घेतला जातो. दुसऱ्या खेपेला मात्र घर बऱ्यापैकी शांत असते. ‘तिला काय, सगळे ठाऊक आहे,’ असे म्हणून प्रत्येक जण आपापल्या कामाला लागतो. माळ्यावरची पेटी उतरवायची, त्यातली झबली-टोपडी आणि दुपटी धुऊन उन्हात घालायची, पाळण्याची दोरी तपासायची, की झाली तयारी!

खरे पाहता दुसऱ्या बाळाची तयारी पहिल्यापेक्षा अवघड असते. पहिल्या वेळी आईची मांडी रिकामी होती. आता पोटात एक जीव आहे आणि मांडीवर दुसरा. त्या मांडीवरच्या मुलाकडे पाहत काही माता आम्हां धर्मगुरूंना हळू आवाजात विचारतात, ‘फादर, ह्याच्यावर जेवढी माया केली तेवढी दुसऱ्यावर होईल का? आणि झाली, तर ह्याच्या वाट्याला काय उरेल?’ असा प्रश्न मनात येणे हे पाप नाही, की श्रद्धा कमी असल्याचे लक्षणही नाही. तो प्रेमातूनच आलेला प्रश्न आहे. त्याचे उत्तर आज आपण देववचनाच्या प्रकाशात शोधू या.

१. माया वाटली तरी कमी होत नाही

जगात दोन प्रकारच्या गोष्टी असतात. काही गोष्टी वाटल्या की कमी होतात. एक एकर वाडी दोन भावांत वाटली तर प्रत्येकाच्या नावावर अर्धाच एकर लागतो. काही गोष्टी मात्र वाटल्या तरी कमी होत नाहीत. शिक्षकाने शिकवलेले गणित चाळीस मुलांना समजले म्हणून त्याचे स्वतःचे गणित कच्चे होत नाही. पास्काच्या जागरणविधीत आपण हे डोळ्यांनी पाहतो. अंधाऱ्या चर्चमध्ये पास्काच्या एका मेणबत्तीवरून शेकडो मेणबत्त्या पेटतात. मूळ ज्योत तसूभरही लहान होत नाही, उलट चर्च उजळून निघते. चांगुलपणाचा स्वभावच पसरण्याचा आहे, हा प्राचीन विचार संत थॉमस अक्वायनस ह्यांनीही आपल्या लेखनात स्वीकारला आहे. आईची माया ह्या दुसऱ्या प्रकारात मोडते.

परंतु येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. माया वाटली तरी कमी होत नाही, पण आईचे हात दोनच असतात, दिवस चोवीस तासांचाच असतो आणि झोप तर मोजकीच असते. ह्या गोष्टींची वाटणी होतेच. मोठ्या माणसांना माया आणि वेळ ह्यांतला फरक समजतो. तीन वर्षांच्या मुलाला समजत नाही. त्याच्या दृष्टीने आईची मांडी हीच तिची माया. मांडीवर दुसरे कोणी आले की त्याला वाटते, माया गेली. म्हणून दुसऱ्या बाळाची खरी तयारी म्हणजे घरातील वेळेची, हातांची आणि कामाची नवी मांडणी. ती एकट्या आईने करायची नसते.

२. हन्नाचा लहानसा झगा

शमुवेलच्या पहिल्या ग्रंथातील हन्ना आपल्याला परिचित आहे. पुष्कळ वर्षे मूल नाही म्हणून ती शिलो येथील मंदिरात रडून प्रार्थना करते आणि शमुवेल जन्मल्यावर त्याला परमेश्वराच्या सेवेसाठी एलीच्या हाती देते. ही गोष्ट आपण अनेकदा ऐकतो. त्यापुढची दुसऱ्या अध्यायातील तीन वचने (१९ ते २१) मात्र आपल्या लक्षात राहत नाहीत. हन्ना दरवर्षी शमुवेलसाठी एक लहानसा झगा तयार करी आणि वार्षिक यज्ञासाठी पतीबरोबर जाताना तो त्याला नेऊन देई. एली त्या दांपत्याला आशीर्वाद देई. पुढे हन्नाला आणखी तीन मुलगे आणि दोन मुली झाल्या.

ह्या ओळींवर जरा थांबून विचार करू या. शमुवेल वाढत होता, म्हणजे प्रत्येक वर्षीचा झगा आधीच्यापेक्षा थोडा मोठा करावा लागत असणार. मूल नजरेसमोर नसतानाही आईच्या मनात त्याचे माप असणार. घरी पुढची बाळे येतील, पाळणा हलेल. पण पहिल्याचे माप विसरले जाणार नाही, असे हे प्रेम आहे. नव्या बाळासाठी दुपटी शिवत असताना थोरल्याचा झगाही शिवत राहायचा, हा धडा हन्ना आपल्याला देते. आपल्या घरात तो झगा म्हणजे कदाचित रात्री झोपताना सांगितलेली एक गोष्ट असेल, शाळेतून आल्यावर फक्त त्याच्यासाठी ठेवलेली दहा मिनिटे असतील. बाळंतपणानंतर ती दहा मिनिटे टिकावी म्हणून आतापासूनच कोणीतरी दुसऱ्याने स्वयंपाकघर किंवा बाळ सांभाळण्याची सवय करायला हवी.

३. थोरल्याची तयारी

आपल्याकडे थोरल्या मुलाची थट्टा करण्याची एक वाईट सवय आहे. शेजारीपाजारी, मामा-काका हसत म्हणतात, ‘आता बाळ येणार, तुझे लाड बंद!’ मोठ्यांना तो विनोद वाटतो, पण मूल ते खरे मानते. घरच्यांनी अशी थट्टा प्रेमाने पण स्पष्टपणे थांबवावी.

लहान मुलाला महिने कळत नाहीत. ‘पावसाळा संपला की’, ‘नाताळचा गोठा काढून ठेवला की बाळ येईल’, असे सांगितले तर त्याला समजते. बाळ आल्याआल्या आपल्याशी खेळेल अशी खोटी आशा दाखवू नये. बाळ पुष्कळ झोपेल आणि रडेल, हे आधीच सांगावे. आई किती दिवस हॉस्पिटलमध्ये राहील, तेव्हा आपल्याला कोण जेवू घालील, कोणाजवळ झोपायचे, हेही त्याला ठाऊक असावे. बालवाडीत घालणे, वेगळ्या बिछान्यावर झोपवणे असे बदल करायचे असतील तर ते काही महिने आधी करावेत किंवा नंतर सावकाश करावेत. बाळ घरी आले त्याच आठवड्यात ते केले तर बाळाने आपली जागा घेतली, अशी मुलाची समजूत होते.

एवढे करूनही थोरला पुन्हा अंथरूण ओले करील, बाटलीने दूध मागेल, हट्ट करील. तो वाईट वागत नसतो, आपली जागा अजून आहे ना, हे तपासत असतो. लूकलिखित शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातील थोरला भाऊ आठवा. धाकट्यासाठी मेजवानी चालू आहे म्हणून तो रागावून बाहेर उभा राहतो. तेव्हा बाप ‘राहू दे बाहेर’ असे म्हणत नाही. तो भरल्या मेजवानीतून उठून बाहेर येतो, त्याची समजूत घालतो आणि सर्व काही त्याचेही आहे, असे सांगतो. रुसलेल्या थोरल्याजवळ असेच कोणीतरी उठून गेले पाहिजे. ते काम वडिलांनी करावे, हे त्या दृष्टान्ताला धरूनच आहे.

थोरल्याला लहानसे काम द्यावे. निर्गमच्या दुसऱ्या अध्यायात मोशेची बहीण नदीकाठी दूर उभी राहून भावाच्या पेटीकडे लक्ष ठेवते आणि योग्य क्षणी पुढे होऊन आईलाच दाई म्हणून आणते. मुलांना जबाबदारी आवडते. मात्र चार वर्षांच्या मुलीला ‘तू आता मोठी झालीस’ असे म्हणून तिचे बालपण काढून घेऊ नये. तीही अजून बाळच आहे.

४. आईची काळजी आणि वडिलांचा वाटा

‘सगळे ठाऊक आहे’ म्हणून दुसऱ्या खेपेला आई स्वतःच्या तपासण्या टाळते, लोहाच्या गोळ्या विसरते आणि थोरल्याचे उरलेले ताट हेच आपले जेवण मानते. हे योग्य नाही. प्रत्येक गरोदरपण वेगळे असते. पहिले बाळंतपण सिझेरियनने झाले असेल, रक्तदाब वाढला असेल, तर डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगावे. सरकारी आरोग्य केंद्रांत २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर मातांची मोफत तपासणी होते, तिचा लाभ घ्यावा. बाळंतपणानंतर उदासी, रडू येणे दोन आठवड्यांहून अधिक टिकले, तर ‘नखरे’ म्हणून सोडून न देता डॉक्टरांकडे जावे.

संत जियाना बेरेट्टा मोल्ला ह्या इटलीतील बालरोगतज्ज्ञ आणि तीन मुलांच्या आई. १९६१ मध्ये चौथ्या अपत्याच्या वेळी गरोदर असताना त्यांच्या गर्भाशयात गाठ आढळली. गर्भाला धक्का न लावता केवळ गाठ काढण्याची शस्त्रक्रिया त्यांनी स्वीकारली. २१ एप्रिल १९६२ रोजी, पवित्र शनिवारी, त्यांना मुलगी झाली आणि २८ एप्रिलला त्या देवाघरी गेल्या. पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी २००४ साली त्यांना संतपद बहाल केले. त्यांचा त्याग आपण आदराने आठवतो. त्याचबरोबर त्यांनी योग्य उपचार घेतले होते, हेही विसरू नये. औषधोपचार टाळणे म्हणजे श्रद्धा नव्हे.

पतीनेही कंबर कसली पाहिजे. आपल्याकडे पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी जाते, दुसऱ्या वेळी पुष्कळदा सासरीच राहते, कारण थोरल्याची शाळा असते. म्हणजे माहेरी मिळणारी विश्रांती ह्या वेळी नवऱ्याच्या घरानेच द्यायची असते. थोरल्याची आंघोळ, डबा, अभ्यास ही कामे पतीने सातव्या महिन्यापासूनच हाती घ्यावीत, म्हणजे नंतर कोणालाच ती नवी वाटणार नाहीत.

ज्या दांपत्यांचा विचार अजून चालू आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली सांगितले की स्वतःचे व मुलांचे हित, आरोग्य आणि परिस्थिती पाहून हा निर्णय पती-पत्नींनीच देवासमोर घ्यायचा आहे. जागतिक आरोग्य संघटना बाळंतपणानंतर पुढील गर्भधारणेपूर्वी किमान २४ महिन्यांचे अंतर सुचवते. नैसर्गिक कुटुंबनियोजनाचा मार्ग दोघांनी मिळून शिकून घ्यावा. सासूबाईंची घाई हे काही कारण होऊ शकत नाही.

५. मुलगा की मुलगी?

पहिली मुलगी असली की दुसऱ्या वेळी घरात एक न बोललेली अपेक्षा वावरते. ‘ह्या वेळी तरी...’ हे तीन शब्द गरोदर मातेची झोप उडवतात आणि थोरल्या मुलीला सांगतात, ‘तू पुरेशी नव्हतीस.’ बाळाचे लिंग पित्याकडून आलेल्या पेशीवर ठरते, हे विज्ञान शाळेतच शिकवले जाते. तरी दोष सुनेलाच! गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने देशात सर्वप्रथम १९८८ साली केला, देशाचा कायदा १९९४ साली आला. तरीही २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे मुली ८९४ च होत्या. हा आकडा आपल्या सर्वांच्या अंतःकरणाला बोचला पाहिजे. देवाने दिलेल्या प्रत्येक जिवावर त्याचीच प्रतिमा आहे. दुसरे अपत्य मुलगी असल्यास पात्र मातेला प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून २०२२ पासून सहा हजार रुपये मिळतात. शासन मुलीचे असे स्वागत करते, मग आपण ख्रिस्ती घरांनी मागे का राहावे?

६. स्नानसंस्काराची तयारी जन्माआधीच

ख्रिस्तसभेच्या कायद्यातील ८६७ वे कलम सांगते की पालकांनी बाळाचा स्नानसंस्कार जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत करून घ्यावा आणि त्यासाठी धर्मगुरूंना जन्मानंतर लवकरात लवकर, किंबहुना जन्मापूर्वीच भेटावे. हॉलची तारीख मिळत नाही म्हणून संस्कार महिनोन् महिने पुढे ढकलू नये. धर्ममाता-धर्मपिता निवडताना भेटवस्तूपेक्षा श्रद्धा पाहावी. ते सोळा वर्षे पूर्ण झालेले, दृढीकरण झालेले आणि श्रद्धेला साजेसे जीवन जगणारे असावेत.

एक सोपी गोष्ट सुचवतो. थोरल्याच्या स्नानसंस्काराची मेणबत्ती घरात असेल तर ती एका संध्याकाळी रोझरीच्या वेळी पेटवा. त्या दिवशी कोण आले होते, नाव का ठेवले, हे त्याला सांगा. ज्या प्रेमाने बाळाची वाट पाहिली जात आहे, त्याच प्रेमाने आपलीही पाहिली होती, हे त्याला कळू द्या. ख्रिस्तसभेच्या आशीर्वादविधीच्या पुस्तकात बाळंतपणापूर्वी मातेला द्यावयाचा आशीर्वादही आहे. मिस्सानंतर धर्मगुरूंना सांगा. पती आणि थोरले मूल ह्यांनाही सोबत आणा.

आणि आपण शेजाऱ्यांनी? पवित्र मरिया डोंगराळ प्रदेशात अलीशिबेकडे गेली आणि सुमारे तीन महिने तिच्याजवळ राहिली. आपल्याला तीन महिने जमणार नाहीत. एक दिवस डबा पाठवणे, थोरल्याला दोन तास अंगणात खेळवणे, शाळेत सोडणे, एवढे तर जमेल. ज्या घरात एकच मूल आहे किंवा मूल नाही, त्या घरांनाही हे प्रेम देता-घेता येते. देवाच्या कुटुंबात कोणीही बाहेर उभे नाही.

चिंतनासाठी:
१. आपल्या घरात थोरल्या मुलासाठी राखून ठेवलेला ‘झगा’ कोणता आहे?
२. गरोदर मातेच्या कोणत्या कामाचा भार ह्या आठवड्यात आपण उचलू शकतो?
३. ‘ह्या वेळी तरी...’ असे शब्द आपल्या तोंडून कधी निघतात का?

प्रार्थना: हे परमपित्या, आमच्या वाडीतील, आमच्या इमारतीतील प्रत्येक गरोदर मातेला आरोग्य दे. तिच्या उदरातील बाळाला सांभाळ. घरातील थोरल्या मुलांच्या मनातील भीती दूर कर. वडिलांना मदतीचे हात आणि आम्हां सर्वांना शेजारधर्म दे. आमेन.