बंदीनंतर इंजिन ठोकतंय

प्रश्न : जीवना बंदरात आमची होडी आहे. पावसाळी बंदीनंतर जुनं डिझेल इंजिन ठोकतंय, थरथरतंय. खोलावं का?
– एक मच्छीमार, श्रीवर्धन

उत्तर : लगेच खोलू नका. १ जून ते ३१ जुलै टाकी अर्धी रिकामी राहिली, तर दमट हवेतलं पाणी डिझेलमध्ये उतरतं. आधी टाकीच्या तळाचं पाणी काढा, फिल्टर बदला, एअर काढा. मग इंजिन स्लो ठेवून एकेका नोझलच्या पाइपचा नट किंचित सैल करा. हात आणि डोळे फवाऱ्यापासून लांब ठेवा. चाल बदलली नाही, तर ते सिलिंडर कामच करत नाही. ठोका थांबला, तर ते नोझल तपासून घ्या. मात्र आवाज जड असेल आणि ऑइलचा दाबही उतरला असेल, तर बेअरिंगचा संशय धरा. अशा इंजिनावर समुद्रात जाऊ नका.